अक्सब्रिजचा बंकर : पोलिश वैमानिकांच्या शौर्यामागची यंत्रणा दाखवणारी जागा

लंडनच्या पश्चिम टोकाला, मेट्रोपोलिटन आणि पिकॅडिली या दोन्ही भुयारी मार्गांच्या शेवटच्या स्थानकापासून चालत जाता येईल इतक्या अंतरावर, अक्सब्रिज येथे जमिनीखाली सुमारे 18 मीटर खोलीवर एक कक्ष आहे. 1940 साली जर्मन हवाई दलाने इंग्लंडवर हल्ले चढवले, तेव्हा लंडन आणि आग्नेय इंग्लंडच्या संरक्षणाची जबाबदारी ब्रिटिश लढाऊ विमानदलाच्या ज्या 11 क्रमांकाच्या गटाकडे होती, त्याचे युद्धसंचालन या कक्षातून होत असे. आज ही जागा ‘बॅटल ऑफ ब्रिटन बंकर’ या नावाने संग्रहालय म्हणून खुली आहे. तिची व्यवस्था हिलिंग्डन बरोची स्थानिक परिषद पाहते आणि 2018 पासून जमिनीवर एक प्रशस्त अभ्यागत केंद्रही उभे आहे. या जागेवर लिहिले जाते ते बहुधा चर्चिल यांच्या भेटींच्या निमित्ताने. प्रस्तुत परीक्षणाचा रोख मात्र वेगळा आहे. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश हवाई दलाबरोबर लढलेल्या पोलिश लढाऊ वैमानिकांविषयी ज्यांना कुतूहल आहे, त्यांनी लंडनमध्ये नेमके कुठे जावे, आणि तेथे काय पाहावे, या प्रश्नाच्या अनुषंगाने मी या बंकरचा विचार करतो आहे.

माझे मत प्रारंभीच सांगतो. पोलिश वैमानिकांची कथा सामान्यतः बेभान धाडसाची कथा म्हणून सांगितली जाते. मायदेश गमावलेले, सूडाने पेटलेले, आज्ञा न जुमानता शत्रूवर तुटून पडणारे तरुण असे त्यांचे एक चित्र रूढ झाले आहे, आणि ते पूर्णतः खोटे नसले तरी फार अपुरे आहे. त्या उन्हाळ्यात त्यांच्यापुढची खरी अडचण शौर्याची नव्हतीच. रडार, दूरध्वनी, नकाशा आणि रेडिओ यांनी जोडलेल्या एका अपरिचित यंत्रणेचा भाग होणे, तेही न येणाऱ्या भाषेत, ही त्यांची खरी परीक्षा होती. ती यंत्रणा कशी चालत असे हे डोळ्यांनी पाहिल्याशिवाय त्यांचे यश नेमके कशात होते ते उमगत नाही, आणि ती पाहण्यासाठी अक्सब्रिजइतकी योग्य जागा दुसरी नाही.

बंकरमध्ये मार्गदर्शकाबरोबरच उतरता येते. खाली जायला 76 पायऱ्या आहेत, उद्वाहन नाही, आणि परतताना त्याच पायऱ्या चढून यावे लागते. गुडघ्यांचा त्रास असलेल्यांनी आणि वयस्कर आईवडिलांना घेऊन जाणाऱ्यांनी याचा विचार आधीच करावा. खाली पोचल्यावर समोर येतो तो आग्नेय इंग्लंडचा आणि इंग्लिश खाडीचा नकाशा असलेला मोठा टेबल. महिला साहाय्यक दलातील तरुणी हातात लांब काठ्या घेऊन या टेबलाभोवती उभ्या असत, आणि कानाला लावलेल्या यंत्रातून येणाऱ्या माहितीप्रमाणे शत्रूच्या तुकड्या दर्शवणारे ठोकळे पुढे सरकवत. त्यांच्या वरच्या बाजूला, काचेमागे, नियंत्रक बसत. समोरच्या भिंतीवर प्रत्येक विभागाचे रकाने आहेत आणि प्रत्येक रकान्यात त्या विभागातील स्क्वाड्रनांची, म्हणजे लढाऊ विमानांच्या तुकड्यांची, स्थिती सांगणारे दिवे आहेत: सुटीवर, तीस मिनिटांत उपलब्ध, सज्ज, उड्डाण केलेली, शत्रू दृष्टीस पडलेली, उतरून इंधन भरत असलेली. भिंतीवरच्या घड्याळाची तबकडी पाच-पाच मिनिटांच्या लाल, पिवळ्या आणि निळ्या तुकड्यांत विभागलेली आहे. ठोकळ्यांवरचे बाण त्याच रंगांचे असत, त्यामुळे कोणती माहिती ताजी आणि कोणती शिळी हे नियंत्रकाला एका दृष्टिक्षेपात कळे. संगणकाच्या कितीतरी आधीच्या काळातील ही व्यवस्था पाहताना तिच्या साधेपणाचे जेवढे कौतुक वाटते, तेवढेच तिच्यामागच्या शिस्तीचेही वाटते.

टेबलावरची मांडणी 15 सप्टेंबर 1940 रोजी सकाळी साडेअकराच्या सुमारास होती तशी ठेवलेली आहे. त्या दिवशी चर्चिल वरच्या काचेमागे बसले होते. गटाचे प्रमुख, न्यूझीलंडचे कीथ पार्क, यांना त्यांनी राखीव स्क्वाड्रन किती उरल्या आहेत असे विचारले आणि एकही नाही असे उत्तर त्यांना मिळाले, हा प्रसंग इतिहासाच्या वाचकांना परिचित असेल. मी मात्र वाचकाला सुचवेन की, चर्चिल यांच्या खुर्चीकडे पाहून झाल्यावर नॉर्थोल्ट या लंडनजवळच्या हवाई तळाच्या रकान्यातील 303 या आकड्याकडे, म्हणजे तेथल्या पोलिश स्क्वाड्रनच्या क्रमांकाकडे, पाहावे. पार्क यांच्याकडे काही शिल्लक उरले नव्हते, याचा अर्थ त्या वेळी सर्व काही पणाला लागलेले होते, आणि त्या सर्वांत ही पोलिश स्क्वाड्रनही होती. त्याच दिवशी 302 ही दुसरी पोलिश स्क्वाड्रन डक्सफर्डहून, म्हणजे शेजारच्या 12 क्रमांकाच्या गटाकडून, लढाईत उतरली होती.

हा आकडा त्या भिंतीवर यायला उशीर का झाला, हे समजण्यासाठी थोडे मागे जावे लागते. 1 सप्टेंबर 1939 रोजी जर्मनीने पोलंडवर आक्रमण केले तेव्हा पोलिश हवाई दल पहिल्याच सकाळी जमिनीवर नष्ट झाले, अशी एक समजूत अजूनही वारंवार वाचायला मिळते. ती चुकीची आहे. लढाऊ तुकड्या युद्धापूर्वीच दुय्यम धावपट्ट्यांवर हलवलेल्या होत्या, आणि वॉर्साच्या संरक्षणासाठी नेमलेल्या ब्रिगेडने पहिले काही दिवस कडवी झुंज दिली. त्यांच्याकडची पीझेडएल पी-11 ही विमाने मात्र उघड्या कॉकपिटची, न मिटणाऱ्या चाकांची आणि ताशी 400 किलोमीटरच्याही आतल्या वेगाची होती. ज्या जर्मन बॉम्बफेकी विमानांचा पाठलाग करायचा, त्यांपैकी कित्येक त्यांच्यापेक्षा वेगवान होती. 17 सप्टेंबरला पूर्वेकडून सोव्हिएत सैन्य आत आल्यावर वैमानिकांना देश सोडण्याचा हुकूम मिळाला. रुमानियात त्यांना छावण्यांत ठेवण्यात आले, तेथून बनावट कागदपत्रांच्या आधारे निसटून काळ्या समुद्रावरील बंदरांमार्गे बहुतेक जण फ्रान्सला पोचले, तेथे पुन्हा लढले, आणि जून 1940 मध्ये फ्रान्सही पडल्यावर मिळेल त्या जहाजाने इंग्लंडला आले. म्हणजे ब्रिटिशांसमोर उभे राहिलेले हे लोक नवशिके नव्हते. त्यांच्यातील अनेकांच्या उड्डाणाचे तास त्यांच्या ब्रिटिश सहकाऱ्यांहून अधिक होते, आणि दोन पराभूत मोहिमांचा अनुभव त्यांच्या गाठीशी होता.

तरीही लढाऊ विमानदलाचे प्रमुख ह्यू डाउडिंग त्यांच्याविषयी साशंक होते. आज या साशंकतेकडे निव्वळ आढ्यता म्हणून पाहिले जाते आणि तिच्यात थोडी आढ्यता होतीही. परंतु बंकरमध्ये उभे राहिले की तिची दुसरी बाजू दिसते. किनाऱ्यावरच्या रडार केंद्रांकडून आलेली माहिती आधी बेंटली प्रायरी येथील मुख्यालयात गाळली जाई, तेथून ती अक्सब्रिजला येई, अक्सब्रिजहून कोणती स्क्वाड्रन उडवायची याचा हुकूम विभागीय केंद्राला जाई, आणि मग तेथील नियंत्रक रेडिओवरून हवेतल्या वैमानिकांना दिशा आणि उंची सांगे. या साखळीची शेवटची कडी म्हणजे वैमानिकाचा कान. ‘एंजल्स ट्वेंटी’ म्हणजे 20,000 फूट, ‘व्हेक्टर’ म्हणजे अमुक अंशांची दिशा, ‘पॅनकेक’ म्हणजे उतरा, असे सांकेतिक शब्द खरखरणाऱ्या रेडिओवर क्षणात ओळखता आले नाहीत, तर बाकीची सगळी साखळी व्यर्थ जाई. पोलिश वैमानिक मीटर आणि किलोमीटरमध्ये विचार करण्यास सरावलेले होते. त्यांच्या जुन्या विमानांत थ्रॉटल, म्हणजे इंजिनाची शक्ती कमी-जास्त करणारा दांडा, मागे ओढल्यावर वेग वाढत असे. ब्रिटिश विमानांत तो पुढे ढकलावा लागे. पी-11 ची चाके मिटत नसल्याने, हरिकेन हे ब्रिटिश लढाऊ विमान उतरवताना चाके खाली सोडण्याचे विसरण्याची भीतीही खरीच होती. हाडीमासी मुरलेली सवय लढाईच्या धुमश्चक्रीत मोडणे किती कठीण असते, हे कोणत्याही वैमानिकाला विचारावे.

त्यावरचा उपाय इथे अक्सब्रिजच्याच हवाई तळावर केला गेला, आणि मला तो या साऱ्या कथेतला सर्वांत लोभस तपशील वाटतो. इंग्रजीच्या धड्यांबरोबर या अनुभवी, काही पदकप्राप्त वैमानिकांना मैदानावर तीनचाकी सायकली चालवायला दिल्या गेल्या. सायकलींवर रेडिओ, होकायंत्र आणि वेगमापक बसवलेले होते. नियंत्रक कक्षातून हुकूम द्यायचा आणि स्वारांनी रचना न मोडता त्या दिशेला वळायचे, असा हा सराव होता. वॉर्साच्या आकाशात लढून आलेल्या माणसांना तो अपमानास्पद वाटला असल्यास नवल नाही. पण त्या सायकलींवर ते जी गोष्ट शिकत होते ती विमान उडवण्याची कला नव्हती. अक्सब्रिजच्या टेबलावरचा ठोकळा आणि आकाशातले आपले स्थान यांच्यातला संबंध ते शिकत होते. हा सराव डोळ्यांसमोर ठेवून बंकर पाहिला, तर त्या कक्षातील प्रत्येक दिव्याला आणि ठोकळ्याला वेगळा अर्थ प्राप्त होतो.

303 स्क्वाड्रन, म्हणजे ‘वॉर्सा-कोश्च्युश्को’ स्क्वाड्रन, 2 ऑगस्ट 1940 रोजी नॉर्थोल्ट येथे स्थापन झाली. त्यानंतर तीन दिवसांनी झालेल्या कराराने पोलिश सेनादलांना ब्रिटिश संचालनाखाली पण स्वतःच्या सार्वभौम ध्वजाखाली लढण्याचा अधिकार मिळाला. स्क्वाड्रनमध्ये दुहेरी नेतृत्व होते. ब्रिटिश बाजूने रॉनल्ड केलेट आणि पोलिश बाजूने झ्जिस्वाव क्रास्नोदेम्ब्स्की. त्यांच्या हाताखाली फ्लाइट कमांडर म्हणून कॅनडाचे जॉन केंट आणि अॅथोल फोर्ब्स. केलेट यांचे पोलिश अधिकाऱ्यांशी संभाषण फ्रेंचमध्ये चाले. केंट यांना सुरुवातीला ही नेमणूक अजिबात रुचली नव्हती, परंतु त्यांनी पोलिशमधील आवश्यक शब्द उच्चारानुसार लिहून घेऊन पाठ केले, आणि पुढे याच माणसांविषयी ते अत्यंत आदराने बोलत राहिले. शिकणे दोन्ही बाजूंनी चालले होते, हे या कथेत सहसा सांगितले जात नाही.

30 ऑगस्टचा प्रसंग सर्वश्रुत आहे. स्क्वाड्रन ब्लेनहाइम या ब्रिटिश बॉम्बफेकी विमानांबरोबर सरावाचे उड्डाण करत असताना लुडविक पाश्किएविच यांना जर्मन तुकडी दिसली, त्यांनी रेडिओवर कळवले, उत्तर न मिळाल्याने रचना सोडून झेप घेतली आणि एक विमान पाडले. परतल्यावर त्यांची शिस्तभंगाबद्दल कानउघाडणी झाली आणि लगेच अभिनंदनही. दुसऱ्या दिवशी स्क्वाड्रन लढाईसाठी सज्ज म्हणून घोषित झाली. या प्रसंगाला केवळ उतावळेपणाचे उदाहरण समजणे मला पटत नाही. पाश्किएविच यांनी आधी कळवले होते. म्हणजे यंत्रणेची रीत त्यांनी पाळली, आणि यंत्रणेकडून प्रतिसाद आला नाही तेव्हा स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास ठेवला. पोलिश प्रशिक्षणात आकाश सतत न्याहाळण्यावर मोठा भर होता, कारण पोलंडमध्ये त्यांना वाट दाखवणारे रडार नव्हतेच. मारा करण्याची त्यांची पद्धतही याच प्रशिक्षणातून आलेली. ब्रिटिश वैमानिकांना सुमारे 400 यार्डांवरून गोळीबार करण्याचे शिक्षण दिले जात असे. पोलिश वैमानिक त्याच्या निम्म्याहून कमी अंतरापर्यंत जवळ जात आणि मगच बटण दाबत.

येथे आकड्यांविषयी एक सावधगिरी आवश्यक आहे. 11 ऑक्टोबरला नॉर्थोल्टहून विश्रांतीसाठी हलवली जाईपर्यंत 303 स्क्वाड्रनच्या नावावर 126 विमाने पाडल्याचे दावे नोंदले गेले होते आणि हा आकडा आजही जसाच्या तसा उद्धृत केला जातो. जर्मन बाजूच्या नोंदींशी पडताळणी केल्यावर प्रत्यक्ष संख्या बरीच कमी निघते. पण हे केवळ पोलिश तुकड्यांपुरते नव्हते. ज्या 15 सप्टेंबरची मांडणी बंकरच्या टेबलावर आहे, त्या दिवशी ब्रिटिशांनी 185 विमाने पाडल्याचे जाहीर केले. वास्तवात जर्मनांची सुमारे 60 विमाने गेली होती. एकाच विमानावर तिघांनी मारा केला की तिघांच्या नावे एकेक नोंद होई, हे हवाई लढाईच्या गोंधळात स्वाभाविक होते. नॉर्थोल्टचे तळप्रमुख स्टॅन्ली व्हिन्सेंट, पहिल्या महायुद्धातील अनुभवी वैमानिक, यांना 303 च्या दाव्यांची शंका आली म्हणून ते स्वतः हरिकेन घेऊन त्यांच्या मागे गेले आणि परतल्यावर त्यांची शंका फिटलेली होती. पडताळणीनंतरच्या आकड्यांनुसारही ही स्क्वाड्रन हरिकेन चालवणाऱ्या तुकड्यांत अग्रभागी राहते. फुगवलेल्या आकड्याचा आधार तिच्या कीर्तीला लागत नाही.

या स्क्वाड्रनमधील सर्वाधिक यशस्वी वैमानिक पोलिश नव्हता, ही बाब गमतीची आहे. योसेफ फ्रान्तिशेक हा चेक वैमानिक पोलंडमार्गे आणि फ्रान्समार्गे त्यांच्याबरोबरच आला होता. त्याच्या नावे 17 विमाने आहेत. रचनेत उडण्यास तो इतका नाखूष असे की त्याला अखेरीस जणू पाहुणा म्हणून स्वतंत्र उडण्याची मुभा देण्यात आली. 8 ऑक्टोबर 1940 रोजी लढाईवाचूनच त्याचे विमान कोसळून तो मरण पावला. पोलिश वैमानिकांत विटोल्ड उर्बानोविच सर्वांत पुढे होते. भाजलेल्या क्रास्नोदेम्ब्स्की यांच्यानंतर स्क्वाड्रनची पोलिश सूत्रे त्यांच्याकडे आली, आणि पुढे 1943 मध्ये ते चीनमध्ये अमेरिकन हवाई दलाबरोबरही लढले. एकूण 145 पोलिश वैमानिक ‘बॅटल ऑफ ब्रिटन’मध्ये, म्हणजे 1940 च्या या हवाई लढाईत, उतरले आणि त्यांतील 29 जण मृत्यू पावले. बहुतेक जण निव्वळ पोलिश नव्हे तर ब्रिटिश स्क्वाड्रनांतून विखुरलेले होते, म्हणून बंकरच्या भिंतीवर त्यांचा शोध केवळ 302 आणि 303 या आकड्यांपुरता घेऊ नये. लढाईनंतर डाउडिंग यांनी, पोलिश स्क्वाड्रनांचे अजोड योगदान नसते तर निकाल हाच लागला असता असे म्हणायला आपण धजणार नाही, अशा आशयाची कबुली दिली. सुरुवातीच्या साशंकतेनंतर आलेली ही कबुली असल्याने तिला विशेष वजन आहे.

अक्सब्रिजच्या कक्षाचे काम 1940 नंतरही थांबले नाही. ऑगस्ट 1942 मधील दिएप्प येथील छापा आणि जून 1944 मधील नॉर्मंडीवरील उतराई यांच्या हवाई संचालनातही त्याचा वाटा होता, आणि या दोन्ही मोहिमांत स्पिटफायर ही लढाऊ विमाने उडवणाऱ्या पोलिश स्क्वाड्रना होत्या. तोवर नॉर्थोल्ट हा पोलिश लढाऊ विंगचा मुख्य तळ झाला होता. 1943 च्या वसंतात स्तानिस्वाव स्काल्स्की यांच्या नेतृत्वाखाली निवडक पोलिश वैमानिकांची एक तुकडी ट्युनिशियात लढली, तर फ्रान्सिस गाब्रेस्की हा पोलिश वंशाचा अमेरिकन वैमानिक लढाईचे धडे घेण्यासाठी नॉर्थोल्टच्या 315 स्क्वाड्रनमध्ये येऊन राहिला आणि पुढे अमेरिकेच्या आघाडीच्या वैमानिकांत गणला गेला. या उत्तरकाळाचा विस्तार मी इथे करत नाही, कारण बंकरच्या कक्षात उभे राहून तो तितकासा जाणवत नाही. टेबलावरचा तो एक दिवसच मनावर ठसतो. ही या जागेची मर्यादा म्हणावी लागेल. पोलिश वैमानिकांचे समग्र संग्रहालय म्हणून तिच्याकडे पाहू नये. संचालनयंत्रणा समजावून देणे हे तिचे काम आहे आणि ते ती उत्तम करते. माणसे भेटायची असतील तर आणखी दोन-तीन ठिकाणी जावे लागते.

त्यांतले पहिले ठिकाण सुदैवाने फार दूर नाही. नॉर्थोल्टचा हवाई तळ आजही वापरात असल्याने सामान्य अभ्यागताला आत जाता येत नाही, परंतु त्याच्या लगत, वेस्टर्न अॅव्हेन्यू या महामार्गाच्या चौकात, पोलिश वायुसैनिकांचे स्मारक आहे. मिएचिस्वाव लुबेल्स्की या शिल्पकाराने घडवलेल्या या स्तंभावर ब्राँझचा गरुड आहे आणि मागील भिंतीवर मृतांची नावे कोरलेली आहेत. 2 नोव्हेंबर 1948 रोजी त्याचे अनावरण झाले. ज्यांच्या नावाने स्मारक उभे राहिले त्यांच्या हयात सोबत्यांपुढे तेव्हा परतायला देश नव्हता, ही पार्श्वभूमी ठाऊक असावी. दोस्त राष्ट्रांच्या 1945 मधील याल्टा परिषदेनंतर पोलंड सोव्हिएत प्रभावाखाली गेला होता; जून 1946 च्या लंडनमधील विजयसंचलनात पोलिश सेनादलांना स्थान दिले गेले नाही, आणि केवळ काही वैमानिकांना ब्रिटिश हवाई दलाबरोबर चालण्याचे जे निमंत्रण दिले गेले ते त्यांनी सहकाऱ्यांना वगळल्याच्या निषेधार्थ नाकारले. जे परतले त्यांची गत काय झाली हे स्काल्स्की यांच्यावरून कळते. 1948 मध्ये त्यांना हेरगिरीच्या खोट्या आरोपाखाली अटक झाली, मृत्युदंड सुनावला गेला, आणि अखेर 1956 मध्ये त्यांची सुटका झाली. स्मारकाचे ठिकाण वाहनांच्या गजबजाटात आहे आणि दक्षिण राइस्लिप स्थानकापासून चालत जाणे फारसे सुखावह नाही. स्वतःचे वाहन असेल तर उत्तम.

महाराष्ट्रातील वाचकांसाठी येथे एक धागा जोडतो. कोल्हापूरजवळच्या वळिवडे येथे 1943 पासून 1948 पर्यंत सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहत होते, त्यांत मुख्यतः स्त्रिया आणि मुले होती. सोव्हिएत राजवटीने 1940-41 मध्ये हद्दपार केलेली ही कुटुंबे होती, आणि सोव्हिएत भूमीवरून सुटका झालेल्या त्यांच्या पुरुषांपैकी बहुतेक जण पोलिश सैन्यात गेले, तर काहींना इंग्लंडमध्ये हवाई दलाकडे पाठवण्यात आले. छावणी बंद झाल्यावर वळिवड्याची अनेक कुटुंबे आपल्या माणसांकडे ब्रिटनमध्ये गेली. स्मारकाच्या भिंतीवरची नावे आणि पंचगंगेकाठची ती छावणी ही एकाच उद्ध्वस्त देशाची दोन टोके आहेत, हे आपल्याकडील फार थोड्यांना माहीत असते.

मेट्रोपोलिटन मार्गावरच नॉर्थवूड स्थानक लागते आणि तेथील दफनभूमीत 303 स्क्वाड्रनचे अनेक वैमानिक विसावले आहेत. 27 सप्टेंबर 1940 रोजी मारले गेलेले पाश्किएविच तेथे आहेत, फ्रान्तिशेक आहे, आणि मिरोस्वाव फेरिच आहे. पोलिश सैनिकांच्या शिळांचा माथा टोकदार असल्याने ब्रिटिश शिळांमधून त्या सहज ओळखू येतात. फेरिच याचे नाव ध्यानात ठेवावे, कारण स्क्वाड्रनची हस्तलिखित रोजनिशी त्याने सुरू केली. लढाईवरून परतलेल्या प्रत्येकाच्या मागे लागून तो त्याच्याकडून त्या दिवसाची हकिकत लिहून घेत असे. 26 सप्टेंबर 1940 रोजी राजे सहावे जॉर्ज नॉर्थोल्टला आले तेव्हा त्यांनीही या रोजनिशीत स्वाक्षरी केली, आणि त्याच भेटीदरम्यान स्क्वाड्रनला उड्डाणाचा हुकूम आला. फेरिच 14 फेब्रुवारी 1942 रोजी नॉर्थोल्ट येथेच अपघातात मरण पावल्यावर ती रोजनिशी इतरांनी पुढे चालवली.

ही रोजनिशी लंडनमधील पोलिश संस्था आणि सिकोर्स्की संग्रहालय यांच्या संग्रहात आहे. साउथ केन्सिंग्टनच्या परिसरात, प्रिन्सेस गेट येथील एका जुन्या घरात हे संग्रहालय आहे. युद्धकाळात व्याप्त विल्नो शहरातील स्त्रियांनी गुप्तपणे भरतकाम करून तयार केलेला आणि चोरट्या मार्गाने इंग्लंडला पोचवलेला पोलिश हवाई दलाचा ध्वजही तेथेच आहे. अक्सब्रिजची आधुनिक, सुबोध मांडणी पाहून आलेल्याला हे संग्रहालय दाटीवाटीचे आणि जुन्या वळणाचे वाटेल. मला स्वतःला ती दाटी आवडली, कारण तेथल्या वस्तू जपणाऱ्यांनी परदेशात दुसरे घर उभारल्यासारखे ते संग्रहालय उभारले आहे. परंतु सोबत लहान मुले असतील तर ती येथे कंटाळतील आणि अक्सब्रिजला मात्र रमतील. प्रत्यक्ष हरिकेन आणि स्पिटफायर पाहण्याची इच्छा असेल तर हेंडन येथील हवाई दलाचे संग्रहालय विनाशुल्क आहे; त्याविषयी इतरत्र भरपूर लिहिलेले असल्याने येथे अधिक सांगत नाही.

आता शिफारस. ज्यांना केवळ शौर्यकथांत रस आहे त्यांना अक्सब्रिजचा बंकर कदाचित कोरडा वाटेल, कारण तेथे ना विमानाचा आवाज आहे ना पेटलेल्या आकाशाचे नाट्य. एक टेबल, काही दिवे आणि एक घड्याळ एवढाच मुख्य ऐवज आहे. पण ज्यांना एखादी घटना कशी घडली याच्या तपशिलात आनंद मिळतो, विशेषतः अभियांत्रिकी, दूरसंचार किंवा व्यवस्थापन या क्षेत्रांतील वाचकांना, ही भेट निःसंशय मोलाची वाटेल. बंकरच्या फेऱ्यांना जागा मर्यादित असतात, म्हणून संकेतस्थळावर आधी नोंदणी करावी. खाली उतरण्यापूर्वी अभ्यागत केंद्र पाहावे की नंतर, यावर मतभेद होतील; माझ्या मते आधी पाहावे, म्हणजे खाली मार्गदर्शकाला विचारण्यासाठी प्रश्न तयार असतात. थंडीचे दिवस असोत वा नसोत, अंगावर एखादा जाडसर कपडा असू द्यावा. वाहन असल्यास बंकर, नॉर्थोल्टचे स्मारक आणि नॉर्थवूड ही तिन्ही ठिकाणे एका दिवसात होतात. सिकोर्स्की संग्रहालयासाठी मात्र वेगळा दिवस ठेवावा, कारण ते आठवड्यातील मोजक्याच दिवशी आणि थोड्याच वेळासाठी उघडे असते. वेळ आधी पाहून घ्यावी, आणि रोजनिशी पाहण्याची इच्छा असल्यास संस्थेला आगाऊ कळवून परवानगीविषयी विचारावे.